भिंतीवरची माणसे

पंखांच्या घोड्याचा उल्लेख हदीसच्या ग्रंथांत दोन ठिकाणी येतो आणि दोन्ही ठिकाणी तो हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरातला आहे. पहिल्या ठिकाणी तो पडद्यावर आहे. ‘सहीह मुस्लिम’मधील रिवायत अशी, की प्रेषित (स.) प्रवासाहून परतले तेव्हा दारावर एक नक्षीदार पडदा लावलेला होता आणि त्यावर पंखांचे घोडे होते. प्रेषितांनी तो काढायला सांगितला. दुसऱ्या ठिकाणी, ‘अबू दाऊद’मध्ये, तो खेळण्यांत आहे. वाऱ्याने कोनाड्यावरचा पडदा उडाला आणि आतल्या बाहुल्या दिसल्या. बाहुल्यांच्या मधोमध चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा. घोड्याला कुठे पंख असतात का, असे प्रेषितांनी विचारले. तेव्हा सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपल्या कानावर आले नाही का, असा उलट सवाल आयेशांनी केला. प्रेषित हसले, इतके, की दाढा दिसल्या.

प्राणी तोच, घरही तेच. एकदा नाराजी आणि एकदा मनमोकळे हसू. लहान मुलींच्या खेळण्यांना सूट आहे, असा याचा अर्थ बहुतेक उलेमांनी लावला आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. मला मात्र त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. गंमत कुठे ठेवायची? हातात की भिंतीवर? आणि भिंतीवर ठेवायची तर कोणाची?

हा प्रश्न उपटला तो एका वॉलपेपरमुळे. माझी भाची दुकाना-घरांच्या सजावटीची कामे करते. मोहल्ल्यातल्या एका लहानशा चहाघरासाठी तिला भिंतीचा कागद आखून द्यायचा होता. चहाघराच्या मालकीणबाईंना इराणी हॉटेलातले आरसे नको होते आणि नाक्यावरच्या टपरीची कळाही नको होती. त्यांना हवे होते फ्रेंच. फिकट गुलाबी, पिस्त्याचा हिरवा, पावसाळी सकाळचा निळा आणि त्यावर काहीतरी मजेशीर. भाचीने चित्रे काढली. झोपाळ्यावर बसलेली मेंढपाळीण, छत्री धरलेला लांब मिशांचा चिनी म्हातारा, किटलीतून चहा ओतणारे माकड. हात चांगला आहे तिचा. घरातल्या एका बुजुर्गांनी ती चित्रे पाहिली आणि म्हणाले, ‘‘बेटा, जानदार की तसवीर दीवार पे? फरिश्ते नहीं आते ऐसी जगह.’’ ती चित्रांची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आली. ‘‘मामू, चालेल की नाही, एवढंच सांगा.’’

तेवढेच सांगणे मला जमेना. कारण त्या मेंढपाळिणीची, चिन्याची आणि माकडाची कुळे पाहिली तर बुजुर्गांच्या हरकतीपेक्षा मोठी हरकत पुढे येते.

मेंढपाळीण मुळात कागदावरची नाही, कापडावरची आहे आणि त्या कापडाचे मूळ आपल्याकडे आहे. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरचे छापील आणि कलमाने रंगवलेले सुती कापड जहाजे भरभरून युरोपात जाऊ लागले. मछलीपट्टण हे त्यातले मोठे बंदर, गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचे. तुरटीने रंग धरवायचा, झाडाच्या मुळांपासून लाल काढायचा, निळीच्या पिंपात कापड बुडवायचे. कितीही धुतले तरी रंग जात नाही, हे तिकडे नवे होते. आपण ज्याला ‘चीट’ म्हणतो त्याचेच इंग्रजांनी ‘चिंट्झ’ केले आणि फ्रेंचांनी सरळ ‘अँदिएन’ म्हटले, म्हणजे हिंदुस्थानी. मागणी इतकी वाढली की रेशमाच्या आणि लोकरीच्या फ्रेंच कारागिरांचे धाबे दणाणले. १६८६ मध्ये फ्रान्सच्या राजाने हे कापड आणायला आणि देशात छापायलाही बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. त्र्याहत्तर वर्षे एका फुलाफुलांच्या कापडावर बंदी! चोरून आणणाऱ्यांना गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा होई. तरी बायका ते नेसत राहिल्या. दरम्यान, १७४२ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्याने, आपल्या हाताखाली ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून सगळी कृती विचारून घेतली आणि पत्राने मायदेशी कळवली. तंत्रविद्येच्या इतिहासात ते पत्र त्या पाद्र्याच्या नावाने प्रसिद्ध आहे.

बंदी उठली आणि लगेच १७६० मध्ये ओबरकाम्फ नावाच्या एका जर्मन तरुणाने व्हर्सायजवळच्या जुई गावात कारखाना काढला. दहा वर्षांनी तिथे लाकडी ठशांच्या जोडीला कोरलेले तांब्याचे पत्रे आले. तांब्यावर बारीक रेघ ओढता येते, चित्र मोठे काढता येते. मग पांढुरक्या कापडावर एकाच रंगात, कधी गुलाबी, कधी निळ्या, मेंढपाळ, झोपाळे, पडक्या कमानी, कोकरे उमटू लागली. यालाच ‘त्वाल द जुई’ म्हणतात आणि आज ‘फ्रेंच’ म्हणून जो वॉलपेपर विकला जातो त्यातला निम्मा या कापडाची नक्कल असतो.

१७८३ साली या कारखान्यात ज्याँ-बातिस्त युए नावाचा चित्रकार आला. त्याने सुरुवातीलाच जी नक्षी केली तिचा विषय होता खुद्द कारखाना. कापड धुणे, बडवणे, कुरणावर वाळत घालणे, ठसे मारणे, रंग शिजवणे ही सगळी कामे त्याने लहान लहान चित्रांत मांडली. नक्षी अप्रतिम आहे, यात वाद नाही. मी तिचे छायाचित्र बराच वेळ पाहत बसलो होतो. पण त्यात कोणी थकलेले नाही. त्या काळच्या छापकामात ठसा मारणाऱ्याच्या शेजारी एक मूल उभे असे. रंगाच्या थाळीतला रंग सारखा करत राहणे हे त्याचे काम. दिवसभर. चित्रात कामाचा तो शीण कुठेच नाही. धोबिणी जणू जत्रेला आल्यासारख्या. आणि मग हे कापड कोणाच्या तरी दिवाणखान्यात पडदा होऊन लागले. त्या दिवाणखान्यात त्या धोबिणीला शिरायचे असते तर मागच्या दाराने, गाठोडे घेऊनच शिरावे लागले असते.

१७८३ हे साल तसे गमतीचेच. त्याच वर्षी व्हर्सायच्या बागेत राणी मारी आंत्वानेतसाठी एक खोटे खेडे बांधायला सुरुवात झाली. गवती छपरे, तळे, गाई, दूधघर. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजाराणीसमोर माँगोल्फिए बंधूंचा फुगा आकाशात चढला, त्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा बसवला होता. आकाशी रंगाचा, सोनेरी वेलबुट्टीचा हा फुगा तयार करण्यात रेव्हेयाँ या पॅरिसच्या वॉलपेपर कारखानदाराचा मोठा वाटा होता.

या रेव्हेयाँचे मला फार कुतूहल वाटते. फिकट रंगांचा जो खेळकर फ्रेंच वॉलपेपर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बराचसा याच्या कारखान्याने लोकप्रिय केला. त्याच्या उत्तम कागदांना ‘अराबेस्क’ म्हणत. शब्दाचा अर्थ अरबी धर्तीचे. प्रत्यक्षात ती नक्षी रोमन भिंतींवरून आणि व्हॅटिकनमधल्या राफाएलच्या सजावटीवरून घेतलेली. वेलींच्या टोकाला उघडीवाघडी बाळे, अर्धनग्न देवता, पक्षी, मुखवटे. नाव अरबांचे आणि अरबाने ज्याच्यापासून हात राखला ते सगळे त्यात! आपल्या नावाने जगात काय काय खपते याची यादी करायची झाली तर हा नमुना त्यात घालावा.

तर या रेव्हेयाँकडे तीनशेच्या वर कामगार होते. तो वाईट मालक नव्हता, उलट कडक हिवाळ्यात काम बंद असताना त्याने कामगारांना काही मजुरी दिल्याचे इतिहासकार सांगतात. पण १७८९ च्या एप्रिलमध्ये, पाव महाग झालेला असताना, त्याने एका सभेत मजुरीच्या दरांविषयी काही मत मांडले. ते मजुरांच्या वस्तीत पोचेपर्यंत असे झाले, की कामगाराला दिवसाला पंधरा सू पुरेत, असे रेव्हेयाँ म्हणतो. तो खरोखर काय म्हणाला यावर आजही एकमत नाही. २७ आणि २८ एप्रिलला लोक उठले. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरात घुसून त्यांनी सामान रस्त्यावर आणून जाळले. सैन्याने गोळ्या झाडल्या. किमान पंचवीस माणसे मेली. खरा आकडा याहून बराच मोठा असल्याचे मानणारेही आहेत. रेव्हेयाँ पळाला आणि त्याने आसरा घेतला तो बास्तीच्या तुरुंगात. तोच तुरुंग अडीच महिन्यांनी फुटला. क्रांतीच्या इतिहासात पहिले रक्त सांडले ते वॉलपेपरच्या दारात, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

मी भाचीला हे सांगितले तेव्हा ती वैतागली. ‘‘मामू, प्रत्येक सुंदर गोष्टीच्या मागे प्रेत शोधायचं असेल तर मग पांढरा चुना मारू या सगळीकडे.’’ तिचे म्हणणे रास्त आहे. चुन्याच्या भट्टीवरही कोणी राबतच असतो. वस्तूच्या जन्मातल्या सगळ्या पापांचा हिशेब ती वस्तू वापरणाऱ्याने मांडायचा ठरवला तर जगणे थांबेल. पिस्त्याच्या हिरव्याचेच पाहा. १७७५ मध्ये शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने जो हिरवा शोधला त्यात सोमल होता आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या कागदाने दमट खोल्यांतली माणसे आजारी पडत. आज तो रंग नाही. म्हणून आजच्या हिरव्याला दोष देण्यात अर्थ नाही.

माझा प्रश्न कारखान्याचा नाही. चित्रात काय उरले, हा आहे. रंगातला सोमल गेला. धोबिणीचे ते लाडिक हसू मात्र नकलेतही जसेच्या तसे आले.

चिनी म्हाताऱ्याची आणि माकडाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. चहा चीनमधून येत होता, चिनी मातीची भांडी तिथूनच येत होती, रेशीम येत होते. या सगळ्याच्या मागून चिनी माणूसही फ्रान्सच्या भिंतींवर आला. तो अर्थातच कधी न पाहिलेला, फुलदाण्यांवरून ओळखीचा झालेला. पॅरिसच्या उत्तरेला शांतीयीच्या राजवाड्यात १७३७ च्या सुमारास रंगवलेली एक खोली आहे. तिच्या भिंतींवर माणसांसारखे कपडे घातलेली माकडे आणि चिनी सरदार एकत्र आहेत. फिकट रंग, सोनेरी वेली, अतिशय नाजूक काम. कोणाचा द्वेष करायचा म्हणून ती खोली कोणी रंगवली नसणार. द्वेष असता तर एक वेळ बरे, निदान समोरच्याची दखल तरी घेतली असती. इथे माणूस आणि माकड एकाच वेलीवर बसतात, कारण दोघांचे काम एकच आहे, करमणूक करणे. ज्याच्या देशाचा चहा प्यायचा त्यालाच कपाशेजारी खेळणे करून ठेवायचे.

यात आपणही आहोत. आल्सासमधल्या झ्युबेर कंपनीने १८०७ मध्ये ‘हिंदुस्थान’ नावाचा एक भलामोठा देखावा कागदावर छापला. माँजाँ नावाच्या चित्रकाराने तो डॅनियल या इंग्रज काका-पुतण्यांच्या छापील चित्रांवरून तयार केला होता. हजारावर लाकडी ठोकळे लागले. एका खोलीच्या चार भिंतींवर वेगवेगळ्या गावांच्या वास्तू शेजारी शेजारी, मध्ये झाडी, हत्ती आणि अधूनमधून पागोटी घातलेली माणसे. ती माणसे कशासाठी आहेत? देखावा किती मोठा आहे ते कळावे म्हणून. शेजारी माणूस काढला की घुमटाची उंची समजते.

आता बुजुर्गांच्या हरकतीकडे येतो. जानदाराचे चित्र भिंतीवर नको, या म्हणण्यामागे दोन कारणे सांगितली जातात. एक, निर्मिती हा अल्लाहचा अधिकार, त्याची बरोबरी करू नये. दुसरे, उंचावर लावलेल्या चित्राकडे आदराने पाहिले जाते आणि आदराची भक्ती व्हायला वेळ लागत नाही. म्हणूनच हजरत आयेशांनी काढून टाकलेल्या चित्रांच्या पडद्याच्या उशा केल्या आणि त्या घरात वापरल्या गेल्या, ही रिवायत फुकहांना महत्त्वाची वाटली. जे टांगलेले असते ते वर असते. जे अंगाखाली, पायाखाली असते त्याची कोणी पूजा करत नाही. मालिकी मताच्या अनेक जाणकारांनी सावली पडणारी मूर्ती आणि सपाट चित्र यांतही फरक केला. आपल्या दख्खनेत याबाबत किती मोकळीक होती हे विजापूरच्या आसार महालात दिसते. ज्या वास्तूत प्रेषितांचे केस म्हणून पवित्र अवशेष जपले आहेत तिच्याच वरच्या दालनांच्या भिंती फुलदाण्यांच्या चित्रांनी रंगवलेल्या होत्या. भिंत सजवण्याचा संकोच तिथे नव्हता.

या सगळ्या चर्चेत भीती एकाच दिशेची आहे. चित्रातला माणूस फार वर चढेल ही. आणि ज्या काळात, ज्या समाजात ही चर्चा झाली तिथे ती भीती खरी होती. वॉलपेपर मात्र उलट दिशेने बिघडतो. तो माणसाला वर चढवत नाही, खाली उतरवतो. धोबीण, चिनी, पागोटेवाला, कोणालाच कोणी सजदा करणार नाही. त्यांच्याकडे कोणी धड पाहतसुद्धा नाही. बाजारात मिळणारी युरोपीय मापाची गुंडाळी ५३ सेंटिमीटर रुंद आणि दहा मीटर लांब असते. नक्षी साधारण अर्ध्या मीटरने परत येते. अडीच मीटर उंचीच्या भिंतीवर दहा पट्ट्या लावल्या तर तीच धोबीण पन्नास वेळा तेच हसू हसते. पन्नासदा काढलेला माणूस माणूस राहत नाही, तो ठिपका होतो.

मला वाटते, दोन्ही दोष मुळात एकच आहेत. माणसाला त्याची जागा सोडून दुसरीकडे बसवणे. देव करणे हा एक प्रकार, खेळणे करणे हा दुसरा. पहिल्यापासून आपण फार जपलो. दुसऱ्याकडे आपले लक्ष कमी गेले, कदाचित आपण स्वतःच इतरांच्या भिंतींवर बराच काळ असल्यामुळे. कयामतच्या दिवशी चित्र काढणाऱ्याला त्यात प्राण घालायला सांगितले जाईल, अशी हदीस आहे. ती अहंकाराविरुद्धची ताकीद आहे, हे खरेच. पण मी ती वाचतो तेव्हा मला युएची धोबीण दिसते. जिचा प्राण तू आधीच काढून घेतलास तिला तो परत दे, असे तिच्या चित्रकाराला कोणी म्हणत आहे असे वाटते. हा अर्थ माझा आहे, फुकहांचा नाही.

इथे एक वाजवी शंका येते. प्रेषितांनी लेकीच्या, हजरत फातिमांच्या दारावरचा नक्षीदार पडदा पाहून घरात पाऊल टाकले नाही आणि तो गरजू घरी पाठवायला लावला. त्या नक्षीत जानदार असल्याचे रिवायतीत नाही. दगडमातीला वस्त्रे नेसवण्याचा हुकूम अल्लाहने दिलेला नाही, अशा आशयाचे वचनही आहे. मग मुळात भिंत सजवायचीच कशाला? त्या पैशात दोन घरांची महिन्याची चूल पेटेल.

मी या शंकेशी बराच झगडलो आणि माझे मत सजावटीच्या बाजूने पडले, त्याचे कारण मालकीणबाईंनी दिले. आमच्या मोहल्ल्यात बसून चहा प्यायच्या जागा पुष्कळ आहेत. सकाळी सहापासून बाके भरलेली असतात. बाई त्यात कुठेच नाही. दवाखान्यातून येताना, मुलाची शाळा सुटायची वाट पाहताना, शिवणाच्या वर्गाहून परतताना बायका दुकानांच्या पायऱ्यांवर टेकतात किंवा उभ्या राहतात. मालकीणबाई म्हणाल्या, की साधी खोली ठेवली तर ती आठवड्यात पुरुषांनी भरेल. गुलाबी भिंत पाहून ते आपणच कचरतील. हसू आले, पण हिशेब पक्का होता. इथे फिकट गुलाबी रंग ही चैन नाही, तो पडदाच आहे. फक्त बाईला आत कोंडण्यासाठी नाही, तिला निवांत बसता यावे म्हणून. दगडमातीला नेसवलेल्या या वस्त्राने कोणाचे तरी अंग झाकले जात असेल तर मी तरी हरकत घेणार नाही.

अशी जागा झाली म्हणजे आपोआप सगळे शुद्ध होते असेही नाही. पॅरिसमध्ये पाचव्या विभागात, वनस्पती उद्यानाच्या शेजारी, १९२६ मध्ये उघडलेली मोठी मशीद आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुस्लिम सैनिकांच्या स्मरणार्थ बांधली असे सांगतात. तिला लागून एक चहाघर आहे, पुदिन्याचा चहा मिळतो, भिंतीवर मोरोक्कन धर्तीच्या रंगीत फरश्यांची भौमितिक नक्षी आहे. भिंतीवर एकही माणूस नाही, म्हणजे कोणी खेळणेही नाही. चांगलेच आहे. पण मशीद उघडली तेव्हा पॅरिसमधल्या उत्तर आफ्रिकी कामगारांच्या चळवळीने तिच्यावर टीका केली होती, की हा साम्राज्याचा दिखावा आहे, मजुराच्या उपयोगाचा नाही. चांदण्या आणि षट्कोन निर्दोष असतात. खोलीचा दोष त्यांना झाकता येत नाही.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. भिंतीवर जो काढला आहे तो दारातून आत येऊन, खुर्ची ओढून, चहा मागवू शकतो का? आणि भिंतीवर स्वतःला पाहून त्याला काय वाटेल? शीला ब्रिजेस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सजावटकार बाईंनी २००० नंतरच्या दशकात ‘हार्लेम त्वाल’ काढला. स्वतःच्या घरासाठी मनाजोगता त्वाल मिळेना, म्हणून. जुईचीच मांडणी, तीच बारीक रेघ, तेच फिकट रंग. पण झोपाळ्याच्या जागी बास्केटबॉल खेळणारी मुले, एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या बायका. कृष्णवर्णीयांविषयीचे जे ठोकळेबाज समज आहेत तेच तिने उचलले आणि रेशमी फितींत बसवले. गमतीचे आहे, बोचरेही आहे. तिथे हसणारा आणि ज्याच्यावर हसायचे तो, एकाच घरात राहतो.

भाचीने चिनी म्हातारा काढून टाकला. माकड तिला आवडत होते. चिन्याशिवाय ते नुसते माकड उरले, म्हणून ठेवायचे म्हणाली, पण बुजुर्गांसाठी तेही गेले. मग बुजुर्गांनीच तोडगा सुचवला. ते म्हणाले, आयेशांनी पडद्याच्या उशा केल्या होत्या, तूही मेंढपाळीण भिंतीवरून उतरवून खुर्च्यांच्या गाद्यांवर घाल, शरियतची हरकत संपली. शास्त्र त्यांच्या बाजूने होते. ती म्हणाली, ‘‘नानाजान, म्हणजे आता तिच्यावर बसायचं?’’ ते काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विषय मेंढ्यांकडे वळवला.

सध्या भिंतीवर वेली आहेत, डाळिंबे आहेत आणि किटल्यांना पंख आहेत. किटली जानदार नाही, उडाली तरी कोणाला हरकत नसावी. माणसांसाठी तिने एक पट्टी मोकळी ठेवली आहे आणि त्यावर मोहल्ल्यातल्याच बायका काढायचे तिच्या मनात आहे. स्कूटरवरची बुरखेवाली, शिवणयंत्रावर वाकलेली, मुलाच्या दप्तरासह धावणारी. काढण्यापूर्वी विचारायचे, असे तिने ठरवले. दोघी आनंदाने हो म्हणाल्या. एकीने तर नवी चप्पल दिसली पाहिजे अशी अट घातली. शिवणकाम करणाऱ्या खाला मात्र नको म्हणाल्या. भाचीला वाटले धर्माचे कारण असेल, म्हणून तिने चेहरा काढणार नाही, पाठमोरी काढीन, असे समजावले. खाला म्हणाल्या, ‘‘वो बात नहीं बेटा. मैं तो खुद आनेवाली हूँ. दीवार पे किस लिए?’’

पट्टी अजून मोकळीच आहे. छापखान्याने मंगळवारपर्यंत मुदत दिली आहे.